पांढरबाचं सामान

मद्रासहून आलेल्या माणसाला आमच्या सांगलीत लोक दोनच प्रश्न विचारतात. समुद्र पाहिलात का, आणि भाताचा कंटाळा आला नाही का? समुद्र मी पाहिला. भाताचा कंटाळा तिसऱ्या दिवशी आला आणि आठव्या दिवशी गेला. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं आणि ते पानाचा डबा पुढे ओढतात. पण मद्रासच्या साडेतीन आठवड्यांतले बहुतेक दिवस मी एका अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर काढले, ही गोष्ट मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जाईल असं वाटतं.

जाण्याचं कारण आधी सांगतो. १९५९ च्या आषाढात माझी बायको इंदू विषमज्वरानं गेली. मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो, टापटिपीबद्दल शाळेत माझं नाव आहे. दिवस उरकले आणि आठवड्याच्या आत मी तिच्या साड्या बहिणींना वाटल्या, भांडी मोलकरणीला दिली, आणि औषधाच्या बाटल्या, फणी, अर्धवट विणलेला स्वेटर असं जे कुणाला देण्यासारखं नव्हतं ते परसात जाळलं. घर लख्ख झालं. मी रडलो नाही. मास्तरांनी छान सावरलं असं लोक म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. दिवाळीनंतर मात्र झोप उडाली. वर्गात वाक्य सुरू करायचो आणि पुढचं सुचायचं नाही. हेडमास्तरांनी एक दिवस दार लावून घेतलं आणि रजेचा अर्ज स्वतःच लिहून माझ्यापुढे सरकवला. माझी धाकटी बहीण सुमन मद्रासला असते, तिचा नवरा रेल्वेच्या कचेरीत आहे. तिचं पत्र आलेलंच होतं, त्यात "ये" एवढा एकच शब्द मोठ्या अक्षरात होता. डिसेंबरच्या शेवटी मी निघालो.

गाडीचा प्रवास वगळतो. गुंटकलला डबा बदलताना माझी एक वहाण रुळांवर पडली आणि दक्षिण भारताच्या राजधानीत मी एका पायात वहाण घालून उतरलो, इतकंच त्यात सांगण्यासारखं आहे.

पश्चिम मांबळम

सुमन राहते पश्चिम मांबळमला, स्टेशनापासून दहा मिनिटांवर. मांबळमचे डास आणि सुमनची सासू, दोघांचीही ख्याती मी ऐकून होतो. सासूबाई नेमक्या गावी गेल्या होत्या. डास घरीच होते.

मार्गळीचा महिना चालू होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. त्या महिन्यात तिथल्या बायका अंधार असतानाच न्हाऊन दारापुढे कोलम घालतात. कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, आणि तिच्या मध्यभागी शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. सांगलीत असताना सुमन दिवाळीखेरीज रांगोळीला हात लावत नसे. इथं ती ओल्या केसांनी वाकून ठिपके मांडत होती आणि एकही ठिपका चुकत नव्हता.

"इथं दारात कोलम नसलं की काय वाईट झालं म्हणून लोक विचारायला येतात," ती म्हणाली. मग हात झटकत तिनं विचारलं, "तुझ्या दारात कोण काढतं रे आता?"

मी पेपर आणायला म्हणून बाहेर पडलो.

शेजारी वेंकोबाराव राहत. पासष्टीचे, उंच, पंचा नेहमी धुवट, हातात छत्री आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हातभर लांबीचा चिमटा. बर्फाच्या कारखान्यात पाठवणीवरचे कारकून म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर दक्षिणेत आले आणि तिथलेच झाले. अडीचशे वर्षांत घराण्यातल्या कुणी कृष्णेचं पाणी पाहिलं नाही, पण घरात देवाशी आणि बायकोशी मराठीतच बोलतात. नातवंडं मात्र तमिळमध्ये उत्तर देतात.

विहिरीवर मला सुमनशी बोलताना ऐकून ते भिंतीशी आले. "देशांतले कां?" त्यांनी विचारलं. देश म्हणजे आपला मुलूख. मी हो म्हटल्यावर त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. "बैसा. कापी घ्या. आमची मराठी ऐकून हांसूं येईल तुम्हांस."

हसू आलं नाही. 'बैसा' हा शब्द मी फक्त जुन्या बखरींत वाचला होता, तो असा पितळी पेल्यातल्या कॉफीबरोबर समोर येईल असं वाटलं नव्हतं. मी काय करतो हे कळल्यावर त्यांनी मला 'वाद्यार' करून टाकलं. तमिळमध्ये मास्तरला वाद्यार म्हणतात.

कॉफी आणली सूनबाईंनी, पण सासऱ्यांचा पेला त्यांनी लांबूनच जमिनीवर ठेवला. मी पाहतोय हे बघून वेंकोबाराव म्हणाले, "मी न्हायलों नाहीं अजून. मासे आणायला गेलों होतों."

"तुम्ही मासे खाता?"

"शिव शिव. मी कशाला खातों? अस्वल खातो."

अड्यार

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गेले. अड्यारला नदीच्या अलीकडे उंच भिंतींचा एक जुना बंगला आहे. कातड्याच्या व्यापारात गब्बर झालेल्या एका गृहस्थाचा. त्याला जनावरांचा षोक होता. हरणं, चोचीला झोळी असलेले पक्षी, एक चित्ता असं बरंच काही त्यानं पाळलं होतं. तो वारला, जनावरं विकली गेली किंवा मेली. त्याची म्हातारी विधवा उरली, तिला सगळे आच्ची म्हणत. शिवाय चार मोर, मुनुस्वामी नावाचा माळी, आणि एक पांढरं अस्वल. उत्तर ध्रुवाकडचं. कुठलीशी परदेशी सर्कस बारा वर्षांपूर्वी बंदरातून परत जाताना आजारी म्हणून त्याला मागे टाकून गेली होती.

वेंकोबारावांनी त्याचं नाव पांढरबा ठेवलं होतं. मला जो दिसला तो पांढरा नव्हताच. पिवळट अंगावर पाठीला आणि मानेला हिरवी झाक. दमट हवेत त्याच्या केसांत शेवाळ धरतं. पाषाणावर धरावं तसं शेवाळ जिवंत जनावराच्या अंगावर मी प्रथमच पाहिलं. वडाखाली गजांचं मोठं आवार, मागे निजायची बंद खोली, मध्ये पाण्याचा हौद. आणि त्या आवारात इतका कचरा की माझ्यातल्या मास्तरला शिसारी आली. ठेचलेलं डांबराचं पिंप, फाटक्या ताडपत्रीच्या चटया, टायर, नारळाच्या सोडणांचा ढीग, बर्फाच्या कारखान्यातली भुशानं भरलेली खोकी, दोरखंड, एक तळ गेलेली कणगी.

"हे कोणी साफ करत नाही का?" मी विचारलं.

"हें तेचें सामान आहे," वेंकोबाराव म्हणाले. "बैसा आणि पाहा."

मुनुस्वामीनं पांढरबाला मागच्या खोलीत घालून फळी पाडली. मग वेंकोबाराव पंचा खोचून आत शिरले. सोवळ्याचा ब्राह्मण, मासळीला हात लागू नये म्हणून चिमट्यानं एकेक मासा उचलायचा, तोंड जरा बाजूला करायचं, आणि तो लपवायचा. एक पिंपात, एक चटयांच्या सातव्या घडीत, दोन सोडणांच्या तळाशी, एक खोक्यातल्या भुशात. मधलीच एखादी जागा मुद्दाम रिकामी. शेवटी कारखान्यातल्या जुन्या मित्रांनी पाठवलेला बर्फाचा ठोकळा, ज्याच्या पोटात तीन मासे गोठलेले. कालची जागा आज नाही, आजची उद्या नाही. सगळं झाल्यावर बाहेर येऊन ते नळाखाली कोपरापर्यंत हात धूत बसले.

फळी उघडली. पांढरबा बाहेर आला, मान वर करून वास घेतला आणि कामाला लागला. पिंप लोळवलं, आत पंजा घातला, पोचेना म्हणून ते उभं केलं आणि उलटं आपटलं. चटया एकेक करून बाजूला केल्या. रिकामी जागा सापडली तेव्हा तिथं उगाच दोनदा हुंगून पाहिलं, घरी कपाटात हात घालून काय शोधत होतो ते विसरल्यावर आपण करतो तसं. बर्फाचा ठोकळा त्यानं हौदात ढकलला आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. दुपार झाली तरी काम संपलं नव्हतं.

तेव्हा वेंकोबारावांनी मला सांगितलं. "मी कारखान्याच्या गाडीबरोबर बर्फ घेऊन प्रथम आलों, तेव्हां हा चालत होता. त्या भिंतीकडून पांच पावलें, मान अशी फिरवायची, परत पांच पावलें. अस्के दिवस तेंच. समोर मासे टाकले तरी पावलें पुरीं करून मग खायचा. खाऊन परत पांच पावलें." अस्के म्हणजे सगळे. त्यांनी हौदाकडची फरशी दाखवली. तिच्यात दोन ठिकाणी बशीएवढे खळगे झिजून पडले होते.

"मग मी रिटायर झालों. मुलगा सांगटला, आप्पा, आतां स्वस्थ बैसा. मी बैसलों. आठ दिवसांत बघतों तर दारापासून विहीर, विहिरीपासून दार, मी तेंच करतों. सूनबाई सांगटली, पाय दुखतील. तेव्हां मला हा आठवला." त्यांनी पंचाला हात पुसले. "खायला अस्के देतात, वाद्यार. तेला उद्योग कोण देतो?"

मी प्राणिशास्त्राची परीक्षा दिलेला माणूस. अस्वलाचे दात किती आणि नखं कशी हे मला पाठ आहे. हा प्रश्न मात्र कुठल्याही परीक्षेत आलेला नव्हता.

मग मी रोज जाऊ लागलो. दुपारी आम्ही वडाखाली डबा उघडायचो. त्यांच्या डब्यात दह्यात कालवलेलं डांगर असे, उडदाच्या पिठाचं, अगदी आमच्या घरच्यासारखं. तीनशे कोस गेलं तरी डांगराचं नाव बदललं नाही याचं आम्हा दोघांना फार कौतुक वाटलं. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी मला दुसरा चिमटा दिला. मासे लपवायच्या जागा मी रात्री अंथरुणावर पडून शोधायचो आणि शोधता शोधता मला झोप लागायची. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती.

एकदा हौसेनं मी मूर मार्केटातून एक लाल रबरी चेंडू आणला आणि थेट आत टाकला. पांढरबा दचकून मागच्या भिंतीला टेकला आणि चेंडू बाहेर काढेपर्यंत जागचा हलला नाही. वेंकोबाराव रागावले नाहीत. त्यांनी चेंडू चटईच्या तुकड्यात बांधून गजांच्या बाहेर ठेवला. "नवें तेला भय. आठ दिवस बाहेर राहूं दे. पहिलें ओळख, मग काम. आणि धुवायचें नाहीं हो कांहीं. धुतलें तर परत नवें."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. पुढचं वाचताना वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

भोगी

आपल्याकडे भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगांची मिळून भाजी. तिकडे भोगी म्हणजे होळीच. पोंगलच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी उजाडता उजाडता घरातलं जुनंपानं दारात आणून जाळतात. फाटक्या चटया, मोडक्या केरसुण्या, चिंध्या. पोरं छोट्या डफल्या बडवतात. मग भिंतींना चुना, दाराला कोलम, आणि दुसऱ्या दिवशी नव्या मडक्यात नवा भात उतू घालायचा.

नेमके त्याच वेळी वेंकोबाराव तंजावरला गेले. थोरल्या भावाचं वर्षश्राद्ध होतं. श्राद्धाच्या आधी मासळीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही म्हणून दोन दिवस आधीच निघाले. मला म्हणाले, "पांढरबाला तुमच्या हातांत ठेवून जातों." अस्वल मुनुस्वामीच्या हाती देता आलं असतं, पण त्यांनी ते मला दिलं. मला त्याचा किती अभिमान वाटला ते सांगत नाही.

भोगीच्या सकाळी सुमननं दारात आपली जुनी चटई पेटवली आणि मला म्हणाली, "तुझं काही असेल तर आण." मी माझी उसवलेली पिशवी आणून टाकली. ती जळताना पाहून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तसाच अड्यारला गेलो.

बंगल्याच्या फाटकात ढीग पेटला होता. दुसऱ्या दिवशी आच्ची आवारात पोंगलची पूजा करणार होत्या, म्हणून भिंतींना चुना देणं चाललं होतं. पांढरबा मागच्या खोलीत बंद. मुनुस्वामी अस्वलाच्या आवाराशी उभा होता. त्यानं आतल्या पसाऱ्याकडे हात केला, मग जाळाकडे केला, आणि माझ्याकडे पाहिलं. "वाद्यार?"

भाषेची अडचण मुळीच नव्हती. तो काय विचारतो ते मला कळलं आणि मी काय सांगितलं ते त्याला कळलं. मी म्हटलं, घे. मला वाटलं, वेंकोबाराव परत येतील तर आवार पांढरंशुभ्र असेल, फरशी आरशासारखी असेल. नवी पिंपं आणू, नव्या चटया आणू. म्हाताऱ्याला पोंगलची भेट. मी स्वतः चटया उचलून दिल्या. सोडणं कडकडून पेटली. कणगी जळायला वेळ लागला, दोरखंडांचा काळा धूर निघाला. टायर आणि ठेचकं पिंप मुनुस्वामीनं भंगारवाल्याच्या गाडीवर टाकलं. फरशी मी उभं राहून तीनदा धुऊन घेतली. घामानं निथळत होतो आणि मनाला हलकं वाटत होतं, आषाढात परसात वाटलं होतं तसंच.

चार वाजता चुना वाळला आणि फळी उघडली.

पांढरबा बाहेर आला. पिंप असायचं त्या जागी गेला आणि हुंगलं. चुन्यानं त्याला शिंक आली. चटयांच्या जागी गेला. सोडणांच्या कोपऱ्यात गेला, तिथं पंजानं फरशी खरवडली. एकूण एक जागा त्यानं पाहिली, दोनदा पाहिली. मला अजून वाटत होतं की तो शोधतोय म्हणजे त्याचं चाललंय बरं. मग तो आवाराच्या मध्यभागी उभा राहिला, बराच वेळ. आणि भिंतीकडे वळून चालू लागला. पाच पावलं. मान फिरवली. पाच पावलं.

मी मासे उघड्यावर टाकले. त्यानं पावलं पुरी केली, मासे खाल्ले, परत चालू लागला. लाल चेंडू गजांबाहेर होता म्हणून जाळातून वाचला होता. तो आत टाकला तर पांढरबा त्याला वळसा घालून चालू लागला. मुनुस्वामी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "पावम्," तो म्हणाला. बिचारा. कुणाला म्हणाला ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती परातीत पोंगलची डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू वहिनीचंही असंच केलंस. मी तिची एक साडी मागणार होते. पत्र लिहीपर्यंत तू सगळं उरकून मोकळा."

"तुला मी पैठणी दिली की."

"मला रोजची हवी होती," सुमन म्हणाली.

तांबरम

वेंकोबाराव पोंगलच्या दुपारी आले, स्टेशनवरून थेट बंगल्यावर. केलेलं मुंडण तसंच, डोक्याला पंचा. मी फाटकातच गाठून सांगितलं. ऐकून घेऊन ते गजांशी जाऊन उभे राहिले. पांढरबानं त्यांचा वास ओळखला असावा, एका फेरीला तो जरा थबकला. मग गेला पुढे.

मला वाटलं, हा माणूस आता मला दोन शब्द सुनावेल आणि मी ते ऐकून घेईन. त्यांनी भिंतीला बोट लावून वास घेतला. "चुना जायला महिना लागतो," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "चला, तांबरमला जाऊं. तिथें जुनीं पिंपें मिळतात."

मांबळमहून तांबरमची विजेची गाडी मिळाली. सणाचा दिवस, डबा जवळजवळ रिकामा. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, शिंगं रंगवायला बांधलेले बैल, ताडांच्या रांगा, आणि पुढे पुढे बोडक्या टेकड्या. एरवी मी त्यांचं वर्णन केलं असतं. वेंकोबाराव बाहेर पाहत होते. पुढचं स्टेशन गेल्यावर म्हणाले, "वाद्यार, तुम्ही वाईट केलां नाहीं. चांगलें करायला गेलां. पण एक दिवस थांबायचें होतें. मला विचारायचें होतें."

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"मला नव्हे तर तेला तरी," ते म्हणाले. "एक चटई काढायची, तो काय करतो पाहायचें. तेंच विचारणें."

विमानतळाच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडे आम्हाला दोन पिंपं मिळाली, एक टायर मिळाला. लोळवत लोळवत स्टेशनवर आणलं तेव्हा ते थकून बाकावर बसले. मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम वाहत होता. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "आठ वर्षें लागलीं होतीं तें सामान जमवायला. आतां मला आठ वर्षें आहेत कां?"

मी टायर त्यांच्या पायाशी आडवा केला आणि गाडी कधी आहे ते पाहायला गेलो. हो म्हणायची लाज वाटली.

पुढे मी नऊ दिवस होतो. पिंपं बाहेर ठेवली, मग गजांशी, मग आत. वेंकोबाराव तोच पंचा नेसून, तोच चिमटा घेऊन आत जात. पांढरबा कधी थांबून पिंपाकडे पाही. एकदा त्यानं नाक लावलं तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून उभे राहिलो. पण त्यानं ते लोळवलं नाही. मी निघालो त्या दिवशी तो चालत होता. पाच पावलं आणि मान.

सांगली

घरी आल्यावर मी कपाटं उघडून बसलो. इंदूचं काही राहिलंय का ते शोधत होतो. माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांखाली, एक गोधडी सापडली. तिच्या आणि तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, तिनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शिवलेली. पाहुण्यांची म्हणून माझ्या हातून सुटलेली. मी ती नाकाला लावली. कापूर, धूर, तेल आणि आणखी काहीतरी. महिनाभर ती उशाशी घेऊन निजलो.

मग एक दिवस मनात आलं की पांढरबाला हुंगायला द्यावी अशी, इतके वास असलेली, माझ्यापाशी ही एकच गोष्ट आहे. मी तिला पाणी लावलं नाही, ऊनसुद्धा दाखवलं नाही. गोणपाटात शिवून वेंकोबारावांच्या नावानं पार्सल केली आणि चिठ्ठी लिहिली: ही नवी नाही, तीस वर्षांची आहे. आठ दिवस बाहेर ठेवावी.

पार्सल पोचायला वेळ लागला. तिकडे वैशाखाचं ऊन लागलं होतं. सुमनचं पत्र आधी आलं. पांढरबानं पंधरा दिवस अन्न सोडलं होतं आणि एका सकाळी तो हौदाच्या काठाशी, त्या झिजलेल्या फरशीवर, मेलेला सापडला. तिसऱ्या दिवशी माझं पार्सल पोचलं. वेंकोबारावांचं दोन ओळींचं उत्तर आलं: गोधडी मिळाली. धुतलां नाहीं तें बरें केलां.

सुमनच्या पत्रांतून पुढचं कळत राहिलं. वेंकोबाराव अजून रोज सकाळी छत्री घेऊन अड्यारला जातात. मुलानं सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. घरी बसले की दारापासून विहिरीपर्यंत फेऱ्या घालतात, म्हणून सूनबाईच त्यांना डबा देऊन पाठवते. आता मात्र परत आल्यावर तिला त्यांना न्हायला लावावं लागत नाही.

या संक्रांतीला मी शेजाऱ्यांकडे भोगीची भाजी जेवलो. पाच दिवसांनी वेंकोबारावांचं कार्ड आलं. अक्षर जुन्या वळणाचं, थोडं कापरं.

"वाद्यारांस नमस्कार. तुमची गोधडी मी पांढरबाच्या जाग्यांत खोक्यावर ठेवलों आहें. पावसांत भिजूं दिलों नाहीं. भोगीच्या सकाळीं मुनुस्वामी आला, ही जाळूं कां म्हणून विचारला. मी सांगटलों, पहिलें वाद्यारांस विचारतों, मग सांगतों. उत्तर पाठवा."

मद्रासमधल्या भोगीची राख तोवर कधीच थंड झाली असणार. तरी मी कार्ड हातात घेऊन तसाच पोस्टात गेलो आणि खिडकीशी उभ्या उभ्या दुसरं कार्ड लिहिलं. जाळू नका, इतकंच. खाली सही करायला गेलो आणि मला रडू फुटलं, इंदू गेल्यापासून पहिल्यांदा. पोस्टमास्तर ओळखीचे आहेत. त्यांनी खिडकीमागून उठून येऊन स्टूल पुढे केलं, आणि मी बसलो.